अक्का जेवली होती

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही — आणि तिच्याजवळ तर मी पोटदुखीपासून स्वप्नांपर्यंत सगळं बडबडत आलो. भावाजवळ नाही. देवापुढेही नाही, तिथे उभा राहिलो की मी भलतंच काहीतरी मागून मोकळा होतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या अक्काला तुम्ही पाहिलेलं नाही, आणि उद्या रस्त्यात भेटलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही — बहुतेक एवढंच. चार वेळा कागद घेऊन बसलो आणि चार वेळा उठून पाणी पिऊन आलो. आताही उठावंसं वाटतंय.

असो, बसतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती सांगोल्याकडच्या आमच्या गावी थोरल्या भावाच्या घरी परत आली आणि मेंढरांत रमली. शंभर-सव्वाशे मेंढरं, पण प्रत्येक तिला तोंडावरून ओळखू यायचं. दोन कळप एकमेकांत मिसळले, कोकरू कुणाचं यावरून भांडण जुंपलं की माणसं अक्काला बोलावून न्यायची. ती बघायची, बोट दाखवून ‘ह्ये त्येचं’ म्हणायची, आणि भांडण मिटायचं. तिच्या शब्दावर दुसरा शब्द कुणी काढत नसे. शिकलेली नव्हती, सही येत नव्हती, पण शब्द होता.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही विकली, काही डोळ्यांदेखत मेली. अक्का वाळायला लागली, आणि सगळे म्हणाले मेंढरांचा घोर घेतला. मी सोलापुराहून भेटायला गेलो तर ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, तेही गावात टँकरची वाट बघण्याच्या दिवसांत. तिला घेऊन आलो. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा म्हणाले, रोज सकाळी इन्सुलिन टोचावं लागेल, जन्मभर.

आता माझ्याबद्दल. मी सूत रंगवायच्या एका कारखान्यात रंगमास्तर होतो. चादरींना लागणाऱ्या सुताच्या लडी आमच्याकडे रंगायच्या. मालक घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. पण माझ्यावर कधी रागावले नाहीत. लड उन्हात धरली की यात कोणता रंग चिमूटभर कमी पडलाय ते मी सांगायचो आणि ते बरोबर निघायचं. मला त्याचा गर्व होता. कशाला खोटं बोलू — गर्व नव्हे, माज होता.

तेव्हा बोटाला टोचून आकडा दाखवणारी यंत्रं आमच्यासारख्यांच्या घरात नव्हती. काचेची नळी घ्यायची, तिच्यात औषधाचं निळं पाणी घालायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. पाणी निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं की फार. त्या रंगावर इन्सुलिन किती द्यायचं ते ठरायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं — निळ्याला आठ, हिरव्याला बारा, पिवळ्याला सोळा, विटकरीला वीस. चिठ्ठी देताना ते हसून म्हणाले होते, ‘घरात रंगमास्तर असल्यावर मला काय काळजी?’

मी ते वाक्य कारखान्यात चार जणांना सांगितलं होतं.

घर दोन खोल्यांचं. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारच्या छोट्या मडक्यात असायची. मी पहाटे पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळायला ठेवायचो, नळी तापवायचो, रंग बघून वहीत लिहायचो, टोचायचो आणि कामावर जायचो. अर्ध्या तासानं अक्का भाकरी खायची. असं वर्षभर चाललं.

अक्काचं मन मात्र सोलापुरात नव्हतं. भिंतीकडे तोंड करून बसायची. थोरल्या भावानं पुन्हा वीसेक मेंढरं घेतल्याची बातमी आली त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. डॉक्टरांना मी विचारलं, हिला गावी पाठवू का? ते म्हणाले, स्वतःचं स्वतः करता आलं तर पाठवा. भावाच्या घरी कुणाला सुई धरता येत नव्हती.

म्हणून मी तिला शिकवायला घेतलं. आकडे येत नव्हते, पण मोजता यायचं. सिरिंजवरची एक रेघ दोन युनिटांची. मी सांगितलं, निळ्याला चार रेघा, हिरव्याला सहा, पिवळ्याला आठ, विटकरीला दहा. मेंढरं जोडीजोडीनं मोजतात तशा ती रेघा मोजायची, दोन-दोन करत, ओठ हलवत. पहिला आठवडा तिनं वांग्याला पाणी टोचलं. माझी बायको म्हणाली, ‘वन्सं, त्या वांग्याचं भरीत करायचं का आता?’ अक्का इतकी हसली, इतकी हसली की सिरिंज खाली ठेवावी लागली. दीड महिन्यात ती स्वतःच्या मांडीत सुई घालायला शिकली, न कुरकुरता. डॉक्टरांनी तिला एकदा समोर बसवून करायला लावलं आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात पाठवून द्या. तिनं त्याच संध्याकाळी लुगड्याचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं.

मी सावकाश सांगतोय. मुद्दाम सावकाश सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझे डोळे. त्याच वर्षी माझ्या डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं होतं. आधी वाटलं भट्टीचा धूर, मग वाटलं वयच. शेहेचाळीस म्हणजे काय वय! पण एकदा मी निळ्या लडींची एक खेप हिरवट आलीय म्हणून परत कुंडात टाकायला सांगितली, आणि रंगारी नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ‘मास्तर, निळीच हाय की,’ म्हणाला. मी हसण्यावारी नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो का? नाही गेलो. तो काय सांगणार ते मला ठाऊक होतं, आणि रंगमास्तराला रंग दिसत नाही म्हटल्यावर मालक काय सांगणार तेही ठाऊक होतं — असं मला वाटत होतं. मग मी लबाडी शिकलो. लड समोर आली की आधी दुसऱ्याला बोलतं करायचं, ‘तुला काय वाटतं?’ म्हणायचं, आणि त्याचंच मत आवाज चढवून आपलं म्हणून सांगायचं. कुणाला कळलं नाही.

घरात मात्र मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. घरात मी मास्तरच होतो.

त्याच दिवसांत अक्काला अकराच्या सुमाराला घाम सुटायला लागला. हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिनं स्वतःच उपाय शोधला होता — गुळाचा खडा तोंडात टाकला की बरं वाटायचं. एक दिवस बायकोला तिच्या कनवटीला गूळ सापडला. मधुमेहाच्या माणसाकडे गूळ! बायको माझ्याकडे तक्रार घेऊन आली आणि मी अक्काला बसवून भाषण दिलं. ती म्हणाली, ‘लई घाबरल्यावानी व्हतं रं दामू, म्हून खाती.’ मी म्हणालो, जिभेला आवर घाल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असा घाम आला तर साखर उतरलीय असं समजा. मी ते ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणू का? कळून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

मग ती एकादशी आली.

अक्का पूर्वी एकादशी कडक धरायची, पाण्याच्या थेंबावर. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी उपास बंद करायला लावले. तिनं मान हलवली आणि सोडले. तिला जड गेलं, पण ‘सोडलं’ म्हणाली म्हणजे सोडलं.

त्या सकाळी नळी तिनंच तापवली. मी येईपर्यंत सिरिंजही भरून ठेवली होती. चार रेघा. मी नळी खिडकीशी धरली. मला ते पाणी हिरवट दिसलं, पिवळ्याकडे झुकलेलं. मी म्हणालो, पिवळं आहे, आठ रेघा भर.

तिनं वाकून पुन्हा बघितलं. ‘दामू, निळंच हाय की रं ह्ये.’

तेच वाक्य. कारखान्यातल्या रंगाऱ्याचं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणालो, ‘तू मेंढरं ओळख. रंग मला शिकवू नकोस.’

ती थोडी हसली, धाकट्या भावाचा राग बघून हसावं तशी. मी तिच्या हातातून सिरिंज घेतली, चाराच्या आठ रेघा केल्या आणि माझ्या हातानं टोचलं. वहीत लिहिलं — पिवळा, सोळा.

अकरा वाजता शेजारचा माणूस सायकलवर कारखान्यात आला. मी घरी पोचलो तेव्हा अक्का जमिनीवर पडली होती. लुगडं घामानं ओलंचिंब, दातखीळ बसलेली, डोळे अर्धे उघडे आणि त्यांत कुणी नाही. बायको अक्काच्या जेवणाआधीच बाजारात गेली होती ती नुकतीच परतली होती आणि नुसती रडत होती. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि पाचेक मिनिटांत अक्कानं डोळे उघडून पदर सावरला.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळी रंग काय होता? मी म्हणालो, पिवळा. किती दिलं? सोळा. त्यांनी वही बघितली. म्हणाले, हिशोबात चूक नाही, म्हणजे खाल्लं नसणार. मग अक्काकडे वळून विचारलं, ‘बाई, जेवला होतात का?’

‘जेवले की. भाकरी खाल्ली, आमटी खाल्ली.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या एका क्षणात मला सगळं ठाऊक होतं. पुरतं नव्हे, पण पुरेसं. बोलायची जागा तीच होती. आणि मी बोललो.

मी म्हणालो, ‘आज एकादशी आहे, डॉक्टर.’

बस, एवढंच. खोटं काय बोललो मी? एकादशी होतीच की. पंचांगात बघा. डॉक्टरांनी मान हलवली, असल्या बायका त्यांनी रोज बघितल्या होत्या. बायको डोळे पुसत म्हणाली, ‘गूळसुद्धा असाच लपवून खायच्या.’ सुंठीवाचून खोकला गेला. अक्का उठून बसायला धडपडत होती. ‘न्हाय गं, खाल्ली मी. ताट घासून पालथं घातलंय, बघ की जाऊन.’ ताट होतंच पालथं, स्वच्छ. न जेवलेल्या माणसाचंही ताट तसंच असतं. डॉक्टर तिला बरंच बोलले. जीव गेला असता म्हणाले, देवाला असला उपास नको असतो म्हणाले. ती ऐकत राहिली. ‘निळं’ हा शब्द तिनं काढला नाही. आठवत नव्हता, की आठवत होता? मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो.

दुपारी ती झोपल्यावर मी सकाळची नळी घेतली. ती खिडकीत तशीच होती. दुसऱ्या नळीत बाटलीतलं ताजं औषध ओतलं, न तापवलेलं, जे निळंच असतं, निळ्याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. दोन्ही नळ्या उन्हात शेजारी शेजारी धरल्या. रंग जुळवायची आमची हीच रीत, आयुष्यभर मी हेच केलं होतं.

दोन्ही एकसारख्या दिसल्या.

डॉक्टरांचा दवाखाना दहा मिनिटांवर होता. मी दोन्ही नळ्या मोरीत ओतल्या, धुतल्या आणि उपड्या घातल्या.

दुसऱ्या दिवसापासून रंग बघायचं काम मी बायकोकडे दिलं. सुई उकळायची, टोचायची, त्यात हेही एकट्याला होत नाही म्हणालो. तिचे डोळे चांगले होते. बघा, किती शहाणा मी! अक्काच्या जिवाचा धोका मी त्या एका वाक्यात मिटवला, स्वतःला ओरखडाही न येऊ देता. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बायको रोज अक्का जेवताना समोर बसायला लागली, शेवटचा घास गिळेपर्यंत. त्यानंतर अक्काला एकदाही घाम आला नाही, हात कापले नाहीत. सगळे म्हणाले, बघा, नजर ठेवली तेव्हा थांबलं. तिच्या खोटेपणाचा तोच पुरावा झाला. मीही ‘हो ना’ म्हणालो.

गावी पाठवायचं अर्थातच रद्द झालं. लपून उपास करणाऱ्या बाईच्या हातात इन्सुलिन देऊन तिला रानात कोण पाठवणार? थोरला भाऊ तिला न्यायला म्हणून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे तेच सांगितलं. तो जाताना दारात थांबून म्हणाला, ‘अक्का, तू खोटं बोलशील आसं कदी वाटलं न्हवतं.’ ज्या बाईच्या बोटावर माणसांची भांडणं मिटायची ती मान खाली घालून माझ्या घरात बसली होती, आणि मी भावाला एसटी स्टँडवर सोडायला निघालो होतो. गाठोडं तिनं कधी सोडलं ते मी बघितलं नाही.

सिरिंज तिनं पुन्हा हातात धरली नाही. सकाळी दंड पुढे करायची आणि दुसरीकडे बघायची. मी टोचायचो.

माझे डोळे पुढे दीड वर्षानं उघडे पडले. कारखान्यात दोन लडी समोर धरून मी नुसता उभा राहिलो, आणि मालकांना कळलं. मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. ते एवढंच म्हणाले, ‘आधी सांगायचं की मास्तर.’ मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, जाड भिंगांचा चष्मा आला, मला गोदामाचं काम मिळालं. म्हणजे ज्याच्या भीतीनं मी हे केलं ते एवढंच होतं. आणि मोठं असतं तरी काय? मी तेव्हाही सांगितलं नसतं, मला स्वतःबद्दल आता तेवढं कळतं.

पण तुम्हाला वाटलं असेल, झालं, हाच याचा गुन्हा. नाही. हे तर मी कसंबसं गिळलं होतं. घाबरलो, चुकलो, गप्प बसलो, असं स्वतःला सांगून माणूस वर्षानुवर्षं झोपू शकतो. मी झोपायचो. जे सांगायला बसलो होतो ते अजून राहिलंय.

त्या एकादशीला चारेक वर्षं झाली होती. अक्काच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि तिला दवाखान्यात ठेवलं. पाय काढायची बोलणी चालली होती, पण तिच्यात ताकद उरली नव्हती. मी दुपारी डबा घेऊन गेलो. वॉर्डात ऊन आलं होतं. तिचं डोकं अगदी ताळ्यावर होतं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं मघाशीच कुठल्याशा पाल्याचं औषध सांगितलं होतं. मी दोन घास भरवले. तिसऱ्याला तिनं माझा हात धरला.

‘दामू, एक इचारू का? रागावू नगंस.’

‘विचार की.’

‘त्या एकादशीला मी खरंच जेवले न्हवते का रं? मला तर भाकरी खाल्ल्याली आठवतीया. आमटी तिखट झालती, त्येबी आठवतंय. पर समदी म्हणत्यात न्हाय म्हून. माझ्या डोक्याचाच भरवसा वाटंना झालाय मला. तू खोटं सांगणार न्हाईस. तू सांग.’

आजूबाजूला आमचं ऐकणारं कुणी नव्हतं. नोकरीची भीती संपून गेली होती. डॉक्टर बदलले होते. खरं सांगून माझं काही म्हणजे काहीही बिघडणार नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि चार वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून निवाडा मागत होती. मला एकच वाक्य म्हणायचं होतं — अक्का, तू जेवली होतीस.

मी म्हणालो, ‘नव्हतीस जेवली.’

तिनं हात सोडला. मग म्हणाली, ‘मग तू मला गावाकडं धाडलं न्हाईस त्ये लई बेस केलंस. मी मेले आसते तितं.’

तिसऱ्या दिवशी ती गेली. तोवर मी रोज दोन वेळा डबा घेऊन तिच्या उशाशी बसलो होतो, आणि ती शुद्धीत होती.